रुग्णाच्या कागदाचें शास्त्र

गेल्या ज्येष्ठांत आमच्या घरीं एक लहानशी परिषद भरली होती. वडील बंधूंची नात चि. मनू हिला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेंत हवे तितके गुण पडले नव्हते, आणि आतां पुढें काय, हा प्रश्न रोज पंगतींत निघत होता. अशांत एके दिवशीं तिनें 'मी हेल्थ इन्फर्मॅटिक्स शिकणार' असें जाहीर केलें. तिच्या काकांनीं तत्काळ निकाल दिला, "म्हणजे इस्पितळांतली कारकुनी. तिला पदवी कशाला हवी?" मनू माझ्याकडे वळून म्हणाली, "अण्णाआजोबा, तुम्ही तरी वाचून पाहा." मी मॅट्रिकच्या पुढें न गेलेला, जन्म संस्कृत शिकविण्यांत घालविलेला मनुष्य, तरी वाचून पाहिलें. तें येथें मांडतों, कारण असा प्रश्न वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं पडला असेल.

आधीं घरचाच एक अनुभव सांगतों. तीन वर्षांपूर्वीं वडील बंधूंना एका इस्पितळांत ठेवलें होतें. एका औषधानें त्यांच्या अंगावर गांधी उठतात, हें बाह्यरुग्ण विभागाच्या केसपेपरावर स्पष्ट लिहिलेलें होतें. पण तो केसपेपर तळमजल्यावर राहिला आणि वरच्या मजल्यावर तेंच औषध त्यांना टोंचलें गेलें. प्राणावर बेतलें होतें, थोडक्यांत निभावलें. लिहिणारानें लिहिलें होतें, पण कागदाला जिना चढतां आला नाहीं. लिहिलेलें जेथें हवें तेथें वेळेवर पोंचावें, वाचणारास त्याचा एकच अर्थ कळावा, आणि तें भलत्याच्या हातीं पडूं नये, एवढ्यासाठीं जी विद्या लागते तिलाच हें इंग्रजी नांव आहे. आपण तिला आरोग्य-माहितीशास्त्र म्हणूं.

यांतला अर्थाचा भाग मला फार ओळखीचा वाटला. अमरकोशाच्या मनुष्यवर्गांत रोगाला व्याधि, गद, आमय अशीं अनेक नांवें एकत्र दिलीं आहेत. माणसाला तीं एकाच अर्थाचीं कळतात, यंत्राला तीं निरनिराळीं वाटतात. एक डॉक्टर 'फीव्हर' लिहितो, दुसरा 'पायरेक्सिया' लिहितो, वैद्य 'ज्वर' लिहितात; म्हणून प्रत्येक रोगाला ठराविक संकेतांक द्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ति १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली. 'स्नोमेड सीटी' या वैद्यकीय परिभाषेच्या संस्थेचा भारत २०१४ सालीं सभासद झाला. आयुष मंत्रालयानें २०१७ सालीं 'नमस्ते' नांवाचें पोर्टल काढून आयुर्वेदीय रोगनामांना संकेतांक दिले. आणि २०२४ च्या जानेवारींत आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या संज्ञा त्या जागतिक वर्गीकरणाच्या एका विभागांत आल्या. संस्कृत शिकून काय मिळतें, असें विचारणाऱ्या सद्गृहस्थांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें.

आतां पदव्यांविषयीं. या विद्येला दोन दरवाजे आहेत: एक रुग्णालयाच्या बाजूनें, दुसरा संगणकाच्या बाजूनें. बारावीनंतर पहिल्या दरवाजानें जावयाचें तर कर्नाटकांतील मणिपाल येथें आरोग्य-माहिती-व्यवस्थापनाची बी. एस्सी. आहे, व तिच्यापुढें एम्. एस्सी.हि आहे. ही पदवी कारकुनीची नव्हे, याला आतां कायद्याचाहि आधार आहे. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांविषयीं २०२१ सालीं जो केंद्रीय कायदा झाला, त्याच्या अनुसूचींत या व्यावसायिकांचा स्वतंत्र वर्ग आहे. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणविण्यास त्या कायद्यानें तीन ते सहा वर्षांत निदान ३६०० तासांचा पदवी-अभ्यास सांगितला आहे. दुसऱ्या दरवाजानें जाणाऱ्यानें आधीं संगणकाची पदवी घ्यावी आणि मग या विषयांत एम्. एस्सी. करावी. डॉक्टर, दंतवैद्य व वैद्य हेहि पदवीनंतर या विषयाकडे वळतात. अमेरिकेंत तर ही डॉक्टरांची एक उपशाखा म्हणून २०११ सालीं मान्य झाली व तिची पहिली परीक्षा २०१३ सालीं झाली.

परदेशांत हा विषय आपण समजतों तितका नवा नाहीं. जर्मनींत हायडेलबर्ग व हाइलब्रॉन येथें मिळून हा अभ्यासक्रम १९७२ पासून चालू आहे, आणि कॅनडांतील व्हिक्टोरिया विद्यापीठांत त्याचें स्वतंत्र विद्यालय १९८१ सालीं निघालें. व्हिक्टोरियाच्या पदवी-अभ्यासांत मधूनमधून प्रत्यक्ष नोकरीचीं सत्रें असतात, हें मला विशेष आवडलें. जर्मनींत फी नसते, असें पुण्यांत सर्रास म्हणतात. पण हीं दोन्ही गांवें ज्या प्रांतांत आहेत तेथें युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांस २०१७ पासून दर सत्रास १५०० युरो भरावे लागतात. शिवाय तेथील पदवीचा अभ्यास जर्मनमधून असतो. अमेरिकेंत पोर्टलंडच्या ओरेगॉन आरोग्य व विज्ञान विद्यापीठांत एम्. एस्. व पीएच्. डी. आहे; तेथला बराच अभ्यास घरबसल्या करतां येतो. तरी पहिली पदवी येथेंच घेऊन मग बाहेर जावें, असें माझें मत आहे. अठराव्या वर्षीं कर्ज काढून मुलीस दूर धाडणें मला रुचत नाहीं; वाचकांनीं तें म्हाताऱ्याचें भय समजावें.

माहितीपत्रक हातीं आलें म्हणजे नांवावर भुलूं नये. बायो-इन्फर्मॅटिक्स हा जनुकांचा अभ्यास, तो निराळा. हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन म्हणजे इस्पितळाचा कारभार, तोहि निराळा. मेडिकल कोडिंगचे कांहीं महिन्यांचे वर्ग ठिकठिकाणीं निघाले आहेत. त्यांतून विमा कंपन्यांच्या बिलांचें काम मिळतें, पदवी मिळत नाहीं. रोगपरिभाषा, संख्याशास्त्र आणि माहितीचा साठा करण्याची रचना हे तीन विषय अभ्यासक्रमांत आहेत कीं नाहींत, तें पाहावें. २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, तो शिकवितात काय, हेंहि विचारावें. सगळ्यांत महत्त्वाचें म्हणजे विद्यार्थ्यास खऱ्या इस्पितळांत किती महिने काम मिळतें, हा प्रश्न. त्याचें उत्तर गुळमुळीत आलें तर तेथून उठावें.

२०२१ च्या सप्टेंबरांत सरकारची आयुष्मान भारत डिजिटल योजना देशभर सुरू झाली, आणि तिच्यांत नोंदणी करणारास चौदा आंकडी 'आभा' क्रमांक मिळतो. मनूनें घरांतल्या सर्वांचे क्रमांक काढून दिले. बंधूंच्या त्या औषधाची नोंद कोठें करावी, हें विचारावयास ती आमच्या डॉक्टरांकडे दोनदां जाऊन आली. मणिपालचा अर्ज तिनें भरून ठेवला आहे. काका अद्याप हो म्हणत नाहींत. पण परवांपासून कारकुनी हा शब्द त्यांनीं टाकला असून, आतां मणिपाल फार लांब आहे, असें ते म्हणूं लागले आहेत.