खुर्चीचा नवा हात

गेल्या महिन्यात गुरुजींच्या खुर्चीचा एक हात मोडला. नकाशा टांगायला मीच त्यावर पाय देऊन चढलो होतो. गुरुजी रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटले. माझे बाबा सुतारकाम करतात. त्यांनी सागाचाच नवा हात करून बसवला. पण खुर्ची जुनी, तपकिरी आणि हात पिवळट! लांबूनच ठिगळ दिसायचे.

"रंग मी देतो," मी म्हणालो. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात पॉलिशमध्ये गेरू कालवला आणि फासला. सकाळी पाहतो तर काय, हात विटेसारखा लाल! बाबा म्हणाले, "अरं, आधी तुकड्यावर बघायचं असतं." मग तो सगळा रंग काचकागदाने घासून काढावा लागला. माझी बोटे दुखली. त्यानंतर बाबांनी शिकवले ते असे :

१. रंग दिवसाच्या उजेडात जुळवावा. दिव्याखाली तो वेगळा दिसतो.

२. जुने लाकूड आधी पुसून घ्यावे. नाहीतर आपण मळाशीच रंग जुळवत बसतो.

३. त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर ओले फडके फिरवावे. पॉलिश दिल्यावर लाकूड साधारण कसे दिसेल ते कळते.

४. आमचे पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. ही लाख पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरचे बारीक किडे तयार करतात. तिच्यात पिवडी, गेरू, काजळी चिमूटचिमूट घालून तुकड्यावर पाहावे. स्पिरिट चटकन पेटते, म्हणून चूल आणि काडेपेटी लांब ठेवावी.

५. तांबडेपणा जास्त झाला तर कणभर हिरवा रंग घालावा. चित्रकलेत लाल आणि हिरवा मिसळला की तपकिरी होतो, तसेच हे.

६. लाकडाच्या कापलेल्या टोकाला रंग जास्त मुरतो. तिथे कमी लावावा.

७. पातळ थर द्यावा, वाळू द्यावा, मगच दुसरा. गडद करणे सोपे, फिके करणे अवघड.

चौथ्या थराला रंग जुळला. बाबा म्हणाले, "झ्याक झालं. आता त्यावर चढू नको म्हणजे झालं!"

पालकहो, ती खुर्ची याच भिंतीजवळ ठेवली आहे. नवा हात कोणता, ते ओळखून दाखवा. वर्गमित्रांनी मात्र सांगायचे नाही!

– एक विद्यार्थी, इयत्ता सातवी