नावेच्या जुन्या इंजिनाला पुस्तक कोणतें?

वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमापासून प्राणहिता सुरू होते व सिरोंच्यापाशीं ती गोदावरीस मिळते. बस्तरकडून येणारी इंद्रावती भामरागडजवळ पर्लकोटा व पामुलगौतमी यांना पोटांत घेऊन पुढें गोदावरीचीच वाट धरते. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनमय जिल्ह्यांत नदी ही नुसती शोभेची वस्तु नाहीं. उन्हाळ्यांत ज्या पात्रांतून गुरें चालत पलीकडे जातात, तेंच पात्र श्रावणांत गांवागांवांचा संबंध तोडून टाकतें. पर्लकोटेच्या पुरानें भामरागड एकाकी पडल्याचे प्रसंग वारंवार आले आहेत. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्द धरणांतून सोडलेल्या पाण्यानें वैनगंगेस महापूर आला, त्या वेळीं ब्रह्मपुरी तालुक्यांतील वेढलेल्या गांवांतून माणसें बाहेर काढण्यास यंत्राच्या नावाच धांवून गेल्या.

वल्ह्यांचा डोंगा अशा ओढीला पुरा पडत नाहीं. तेथें लागतें तें नावेच्या पिछाडीस बाहेरून अडकविलेलें आणि काम संपतांच काढून ठेवतां येणारें आउटबोर्ड इंजिन. नॉर्वेंत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड या कारागिरानें १९०९ सालीं अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं या इंजिनाचा व्यापार सुरू केला. पुढें जॉन्सन, ब्रिटिश सीगल, यामाहा अशीं अनेक नांवें त्यांत आलीं. हें यंत्र मोठें चिवट असतें. वीस-तीस वर्षें पडवींत पोत्याखालीं पडून राहिलेलें इंजिनही पुष्कळदां पुन्हां चालतें करतां येतें. मात्र त्यास जाणता मेस्त्री हवा. सिरोंचा हें जिल्ह्याच्या ठिकाणापासूनच दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. अशा जागीं मेस्त्रीचें काम पुस्तकाला करावें लागतें. पुस्तक चुकीचें निघालें तर तें पडवींत कळत नाहीं. तें कळतें भर पुरांत, मधल्या धारेंत इंजिन थांबल्यावर.

इंजिनाचीं पुस्तकें चार जातींचीं असतात. पहिली मालकाची पुस्तिका. इंजिन सुरू कसें करावें, तेल किती घालावें, एवढेंच ती सांगते. आंतील भागांस हात लावण्याची वेळ आली कीं ती मौन धरते. दुसरें कारखान्याचें दुरुस्ती-पुस्तक. तें कारखान्यानें आपल्याच मेस्त्र्यांसाठीं छापलेलें असतें, आणि मापें, फटी, बोल्ट आवळण्याचा जोर व क्रम हें सारें त्यांत मिळतें. तिसरी भागांची सूची. तींत शिकवण नसते. पण प्रत्येक स्क्रूचें चित्र आणि क्रमांक असतो, आणि टपालानें भाग मागवणारास तोच क्रमांक उपयोगी पडतो. चौथा प्रकार स्वतंत्र प्रकाशकांच्या संग्रहग्रंथांचा. एकाच कंपनीचीं पंधरा-वीस वर्षांचीं इंजिनें एका जिल्दींत बांधलेलीं असल्यानें हे ग्रंथ स्वस्त पडतात व नवशिक्यास सोप्या भाषेंत समजावतात. परंतु आपलें इंजिन त्यांतील कोणत्या कोष्टकांत बसतें हें वाचकासच शोधावें लागतें. जेथें दुकान दूर आहे तेथें दुसरा व तिसरा प्रकार मिळून एक जोडी समजावी. संग्रहग्रंथ त्यांच्या सोबतीस चालेल. त्यांच्या ऐवजीं चालणार नाहीं.

पण प्रकार ठरला म्हणजे निवड झाली असें नाहीं. झांकणावरील नांव आणि अश्वशक्ति पाहून पुस्तक मागविणें ही नेहमींची चूक होय. नांव तेंच, अश्वशक्ति तीच, रंगही तोच. आणि आंत मात्र एका वर्षीं पॉइंटांचा मॅग्नेटो, तर पुढल्या कांहीं वर्षांत इलेक्ट्रॉनिक ठिणगीयंत्र, असें घडलेलें असतें. म्हणून आधीं इंजिनावरील क्रमांक वाचावा. नावेला इंजिन पकडून ठेवणाऱ्या कंसावर तो पट्टीवर कोरलेला असतो. पट्टी झिजली किंवा पडली असली तरी निराश होण्याचें कारण नाहीं. जॉन्सन व एव्हिनरूडच्या पुष्कळ इंजिनांत मुख्य ओतीव भागावरील लहान गोल टोपणावरही क्रमांक ठोकलेला सांपडतो.

या दोन्ही नांवांची इंजिनें बनविणाऱ्या कंपनीनें १९८० पासून वर्ष दर्शविण्यास एक गंमतीची युक्ति केली. 'इंट्रोड्यूसेस' या इंग्रजी शब्दांत दहा अक्षरें आहेत आणि त्यांतील एकही दोनदां येत नाहीं. पहिलें 'आय' म्हणजे १, दुसरें 'एन' म्हणजे २, याप्रमाणें नववें 'ई' म्हणजे ९ आणि शेवटचें 'एस' म्हणजे शून्य. क्रमांकाच्या अखेरीकडे 'सीडी' हीं अक्षरें असलीं तर 'सी' आठवें व 'डी' सहावें; अर्थात् इंजिन १९८६ चें. त्यापुढें कधीं आणखी एक अक्षर असतें, तें किरकोळ फेरबदलाची खूण. ही कंपनी २००० सालच्या डिसेंबरांत दिवाळखोरींत गेली आणि एव्हिनरूडचें उत्पादन २०२० त कायमचें थांबलें. कारखान्यास पत्र लिहून विचारण्याची सोय उरली नाहीं, म्हणूनच ही खूण ठाऊक असणें अगत्याचें.

क्रमांकाशीं जुळणारें पुस्तक हातीं आलें कीं किंमत देण्यापूर्वीं त्याची परीक्षा घ्यावी. पॉइंटांची फट किती हें त्यांत स्पष्ट आंकड्यांत दिलें आहे काय? जुन्या लहान जॉन्सन-एव्हिनरूडमध्यें ती पुष्कळशी एका इंचाचे वीस सहस्रांश असते. "योग्य फट ठेवावी" एवढेंच लिहिणारें पुस्तक निरुपयोगी. विजेच्या तारांची आकृति आपल्या वर्षाची आहे काय, आणि तींतील रंगांचीं नांवें वाचतां येतात काय? जुन्या पुस्तकांच्या नकलांत हींच पानें काळवंडलेलीं असतात. मापें इंचांत कीं मिलिमीटरांत हेंही पाहावें. अमेरिकन जुन्या इंजिनाला इंची पाने लागतात, जपानीला मेट्रिक. मेट्रिक पाना इंची बोल्टवर चालविला कीं बोल्टाचे कोपरे जातात आणि मग छिन्नीवांचून गति नाहीं.

याशिवाय येथील नद्यांच्याही कांहीं मागण्या आहेत. एकोणिसाव्या शतकांत गोदावरी व तिच्या उपनद्यांतून आगबोटींनीं कापूस नेण्याची मोठी योजना इंग्रज सरकारनें आंखली होती. पात्रांतील खडकांच्या ओळींशीं झगडून ती अखेर १८७१ त सोडून द्यावी लागली. ते खडक पंख्यावर अजूनही आदळतात. पुष्कळ लहान इंजिनांत पंखा मऊ धातूच्या एका खिळीनें दांड्यास जोडलेला असतो. दगड लागला कीं खीळ तुटते व आंतील दांतेचाकें वांचतात. तिच्या जागीं पोलादी खिळा ठोकणें म्हणजे दोन रुपये वांचवून दांतेचाकें मोडणें होय. खिळीचें माप व धातु पुस्तकांत असलाच पाहिजे. दुसरी गोष्ट पाणपंपाची. हें इंजिन नदीचेंच पाणी ओढून थंड राहतें. पुराचा गाळ पंपांतील रबरी चक्रास झिजवितो, आणि कोरडें चालविलें तर तें फार लौकर जळतें. म्हणून पाणपंप उकलण्याचें प्रकरण चित्रांसह नसेल तें पुस्तक या नद्यांच्या कामाचें नाहीं.

शेवटीं एक सावधगिरी. अचूक पुस्तकही आपल्या काळाचें बोलतें. १९६४ च्या सुमारास जॉन्सन व एव्हिनरूडमध्यें चोवीस भाग पेट्रोलास एक भाग तेल, या प्रमाणाच्या जागीं पन्नासास एक हें प्रमाण आलें. जुन्या सीगलला तर दहास एक लागे. प्रमाण आपल्याच इंजिनाचें घ्यावें. तेल कमी पडलें तर दट्ट्या अडकतो. तेल मात्र पुस्तकांतील जुन्या जातीचें न शोधतां आजच्या टीसी-डब्ल्यू३ या मानाचें वापरावें. भारतांतील पेट्रोलांत आतां वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें ओलावा शोषतें आणि जुन्या रबरी नळ्या व पडदे सैल करतें. पन्नास वर्षांपूर्वींच्या पुस्तकास हें ठाऊक असणें शक्य नाहीं. तेव्हां नळ्या नव्या घालाव्या आणि पावसाळा संपतांच कार्बुरेटर व टांकी रिकामी करून ठेवावी.

दुरुस्त झालेलें इंजिन प्रथम पाण्यानें भरलेल्या पिंपांत, मग कांठालगतच्या संथ पाण्यांत आणि तेथें निर्धास्त चाललें तरच धारेंत न्यावें. वल्हीं मात्र नावेंत सदैव असूं द्यावीं. आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर इंजिनाचा क्रमांक, खिळीचें माप आणि तेलाचें प्रमाण हीं तीन टिपणें ठळक शाईनें लिहून ठेवावीं. पुराच्या रात्रीं पुस्तक उघडणारा माणूस दुसराच असण्याचा संभव आहे, आणि त्याला पानें चाळण्यास सवड नसेल.