शरीरातलं भारनियमन

पहाटेच्या अंधारात कर्जत स्टेशनवर लोकलची वाट पाहणाऱ्या माणसाच्या रक्तात काय घडून गेलंय, माहीत आहे? गजर वाजायच्या कितीतरी आधी, तो झोपेत असतानाच, मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कामाला लागल्या होत्या. जेमतेम चार-पाच ग्रॅमची एकेक ग्रंथी, पण तिने रक्तात सोडलेलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक जाग आल्यावर अर्ध्या तासात शिखर गाठतं. माणूस डबा उचलून धावतो, तेव्हा इंधन आधीच हजर!

आणि त्याच सुमारास दुसरं एक संप्रेरक उतरणीला लागलेलं असतं. मेंदूच्या तळाशी अर्ध्या ग्रॅमची पीयूषिका ग्रंथी आहे. ती टीएसएच पाठवून गळ्यातल्या थायरॉईडला कामाला लावते. हे टीएसएच चढतं रात्री, दिवसा उतरतं. योगायोग? नाही. कॉर्टिसॉल त्याला दाबून धरतं.

गंमत पुढेच आहे. थायरॉईडमधून मुख्यतः बाहेर पडतं ते टी-फोर, म्हणजेच थायरॉक्सिन, आयोडीनचे चार अणू असलेलं. त्यातला एक ठरावीक अणू काढला की खरं कामाचं टी-थ्री तयार होतं. मोठ्या आजारपणात शरीर काय करतं? अणू दुसऱ्याच जागेचा काढतं! हाती येतं जवळपास निष्क्रिय 'रिव्हर्स टी-थ्री'. खालापूर तालुक्यातल्या खोपोलीत १९१५ पासून घाटावरच्या पाण्यातून वीज बनते. मागणी पेलवेनाशी झाली की भारनियमन करावं लागतं. शरीराचंही तसंच, फक्त इथे बटण एका अणूचं!

उलटी वाटही आहे. थायरॉईड मंदावली की कॉर्टिसॉलचा निचरा मंदावतो, थायरॉक्सिन मिळालं की पुन्हा वाढतो. म्हणूनच दोन्ही ग्रंथी दुबळ्या असतील, तर डॉक्टर आधी कॉर्टिसॉलची भरपाई करतात, मग थायरॉक्सिन देतात. क्रम चुकला तर जिवावर बेतू शकतं.

आणखी एक नवल. १९१४ च्या नाताळात अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळं केलं. १९५० साली त्यांनाच नोबेल मिळालं, ते अधिवृक्क ग्रंथीच्या संप्रेरकांवरच्या कामासाठी!

मात्र 'टेन्शनने थायरॉईड झाला' असा निकाल घरबसल्या देऊ नका. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्यांत थायरॉईड मंदावण्यामागे बहुतेकदा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा हल्ला असतो. सतत थकवा येत असेल, थंडी सोसत नसेल, तर टेन्शनवर ढकलू नका. रक्त तपासून घ्या. आणि चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.