सात आठवडे, आईवडील आणि मुलं

यूटा विद्यापीठाच्या कॅरोल कम्पफर यांनी १९८०च्या दशकात व्यसनी पालकांच्या मुलांसाठी एक कुटुंब-प्रशिक्षण तयार केलं. पुढे आयोवा राज्य विद्यापीठात व्हर्जिनिया मोलगार्ड यांच्या साथीने ते १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आणि सर्वसाधारण घरांसाठी नव्याने बेतलं गेलं.

आठवड्यातून एकदा दोन तास, असे सात आठवडे. पहिल्या तासात पालक एका खोलीत, मुलं दुसऱ्या खोलीत. आरडाओरडा न करता नियम कसा लावायचा, तो मोडला तर झेपेल एवढीच शिक्षा कशी द्यायची, याचा सराव पालक करतात. मुलं मित्रांच्या आग्रहाला नकार द्यायला आणि ताण हाताळायला शिकतात.

दुसऱ्या तासात सगळे एकत्र! खेळ होतात, घरची बैठक कशी घ्यायची तेही शिकवलं जातं.

आयोवाच्या ग्रामीण भागातल्या ३३ शाळांतल्या सहावीच्या मुलांवर १९९३पासून याची चाचणी झाली. बारावीपर्यंत मागोवा घेतला, तेव्हा सहभागी घरांतली मुलं दारू-सिगारेटकडे उशिरा वळल्याचं दिसलं. पोलंड आणि वेल्समध्ये मात्र असा फायदा आढळला नाही. म्हणूनच हे प्रशिक्षण दुसरीकडे नेताना तिथल्या कुटुंबांत पुन्हा तपासून पाहणं गरजेचं आहे.