हजेरी मानवंदनेची

11 नोव्हेंबर 1919 रोजी सकाळी अकराच्या ठोक्याला साऱ्या ब्रिटिश साम्राज्यात पहिल्या महायुद्धात पडलेल्यांसाठी दोन मिनिटे मौन पाळण्याचा जो प्रघात सुरू झाला, त्याच्या मुळाशी विलायतेतील घराघरांतला पुत्रशोक होता. परंतु हिंदुस्थानातील छावण्यांत पोहोचेपर्यंत त्याला सरकारी हुकमाचे रूप आले. हुकमाने माणसे हजर करता येतात, ती आपण होऊन यावीत हे मात्र फर्मानाच्या आवाक्याबाहेरचे असते. अहमदनगर (आता अहिल्यानगर) आणि त्याच्या आसपासच्या मुलखात या दोन हजेऱ्यांच्या वाटा गेल्या शतकभर वेगळ्याच राहिल्या.

परके राज्य गेले, मौनाची घटका मात्र राहिली. 30 जानेवारीला हुतात्म्यांसाठी आपण उभे राहतो तेही अकरालाच. 1949 पासून 7 डिसेंबर हा ध्वजदिन ठरला आणि निधिसंकलनाच्या इष्टांकाबरोबर त्याचेही परिपत्रक दफ्तरोदफ्तरी फिरू लागले. पुढे 1971 च्या विजयाचा 16 डिसेंबर आला, कारगिलच्या विजयाचा 26 जुलै आला. समारंभाचा थाट सर्वांच्या परिचयाचा आहे: पहिल्या रांगेतील, पांढरे अभ्रे चढविलेल्या खुर्च्या जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक व लोकप्रतिनिधी यांच्यासाठी राखलेल्या, मागे कोटावर पदके लावून आलेले माजी सैनिक, त्याहून मागे राष्ट्रीय छात्रसेनेची, उन्हाने कंटाळलेली मुले. वीरमातेला व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ देण्यात येते, पण प्रास्ताविकच इतके लांबलेले असते की तिच्या वाट्याला जेमतेम छायाचित्रापुरता अवकाश उरतो.

वास्तविक फौजेशी नगर शहराचा ऋणानुबंध जुना. 12 ऑगस्ट 1803 रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीने येथील किल्ला घेतला, पुढे भिंगारलगत छावणी रुजली, आणि स्वातंत्र्योत्तर काळात चिलखती दलाचे केंद्र व प्रशाला आणि यांत्रिकी पायदळाचे केंद्र येथेच नांदू लागले. 1971 च्या युद्धाला तोंड लागले तेव्हा पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल नगरलाच शिक्षणक्रमात होते. येथून ते आघाडीवर गेले आणि 16 डिसेंबरला, वयाच्या एकविसाव्या वर्षी, बसंतरच्या रणांगणावर पडले. मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी ठरलेल्या या तरुणाचे नाव नगरच्या सामान्य माणसाला शहराच्या नात्याने क्वचितच ठाऊक असते. कारण लष्कराची स्मारके लष्कराच्या हद्दीत, आणि तेथे जायचे तर दरवाजावर परवानगी हवी. त्यात पंचांगाचा योगही विचित्र: 1938 मध्ये सिंध हॉर्सने घोडे सोडून रणगाडे स्वीकारले त्याची आठवण म्हणून चिलखती दलाचा दिन 1 मे रोजी येतो, आणि 1960 पासून त्याच दिवशी जिल्ह्याचा सारा मुलकी लवाजमा महाराष्ट्र दिनाच्या ध्वजवंदनात गुंतलेला असतो.

लोक येतच नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. गावातला जवान तिरंग्यात लपेटून परत आला म्हणजे बाजारपेठ न सांगता बंद होते, वेशीपासून रांगोळ्या पडतात, ट्रॅक्टरची ट्रॉली फुलांनी सजते आणि शोकसलामीच्या फैरींआधी पंचक्रोशी लोटते. वर्षश्राद्धाला ती गर्दी नसते. घरचे, भावकीतले, आणि जमल्यास तलाठी.

याला ठळक अपवाद नगर-पुणे रस्त्यावरच, जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, कोरेगाव भीमाजवळ सापडतो. 1 जानेवारी 1818 रोजी पेशव्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईत पडलेल्यांसाठी कंपनी सरकारने उभारलेला तो स्तंभ साम्राज्याच्या विजयाचा. परंतु लढाईत महार शिपाई लढले होते, आणि पुढे त्याच महारांना सैन्यभरतीची दारे बंद झाली, तेव्हा त्या दगडावरील नावांना निराळाच अर्थ आला. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले. त्यानंतर लोक येत राहिले ते निमंत्रणपत्रिकेवाचून, परिपत्रकावाचून, पदरची भाकरी बांधून. शंभरांचे हजार आणि हजारांचे लाख झाले. सरकार तेथे पोहोचले ते पुष्कळ उशिरा. 2018 च्या द्विशताब्दीला झालेल्या हिंसाचारानंतर बंदोबस्त, पाणी, वाहनतळ आणि मंत्र्यांची उपस्थिती हे सर्व शासकीय नियोजनात आले. आणि आता नगरहून पुण्याकडे निघालेली अवजड वाहतूक त्या दिवशी शिरूरहून न्हावरे-चौफुल्याकडे वळविण्याचा आदेश पोलिसांना काढावा लागतो.