बांजाचा हिशेब

कुमाऊँच्या डोंगरांत पाइन आणि बांज शेजारी उभे असतात. सरकारी खतावणीत जमेच्या बाजूला मात्र पाइनच राहिला. इंग्रजी अमदानीत त्याच्यापासून रेल्वेचे स्लीपर आणि राळ मिळे. बांज म्हणजे हिमालयातील ओक. त्याचा हिरवा पाला गुरांपुढे पडतो, पाचोळा शेतात जातो, फळांवर अस्वल आणि लंगूर पोसतात. यांपैकी कशाचाच लिलाव होत नाही. १९२१ साली संतप्त गावकऱ्यांनी आगी लावल्या त्या मुख्यतः पाइनच्या राखीव रानांना, हे पुरेसे बोलके आहे.

बांज वाढवायचा तर नुसते कुंपण पुरत नाही. कोवळ्या रोपांना झाकोळणारे पाइन थोडेथोडे काढावे लागतात. एकदम रान मोकळे केले तर उन्हाला सोकावलेला पाइनच पुन्हा माजतो. जुने, पोकळ बांज राखावेत. पक्ष्यांना ढोल्या तिथेच सापडतात. परंतु १९८१ मध्ये हजार मीटरवरील हिरव्या झाडांच्या तोडीस बंदी झाली, आणि ठेकेदाराला अडवणारा नियम विरळणी करू पाहणाऱ्या वनपंचायतीच्याही आड आला. त्यातून पाल्यासाठी ओरबाडलेला बांज फारसा फळत नाही. आणि गोठ्यातल्या गुरांना चारा तर रोजच लागतो.