हायब्रिड मोटारींची ओळख – लेखांक ९ : नकाशा चालकासाठी की मोटारीसाठीही?

ब्रेक लावताना एरवी उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत कशी साठवली जाते, याचा विचार मागील लेखांकात झाला. त्याला जोडूनच येणारा विषय म्हणजे नॅव्हिगेशन, अर्थात मार्गदर्शक यंत्रणा. डॅशबोर्डमध्ये कायमची बसवलेली आणि काचेला चिकटवून वापरायची सुटी, अशा तिच्या दोन प्रकारांची तुलना सहसा किंमत आणि सोय यांवरून केली जाते. हायब्रिड मोटारीत मात्र नकाशातली माहिती चालकापाशीच थांबते की इंजिन व बॅटरी यांच्या नियंत्रकापर्यंतही पोहोचते, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

दोन्ही प्रकारांचा पाया एकच, तो म्हणजे जीपीएस. किमान चार उपग्रहांचे संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून यंत्र स्वतःचे स्थान काढते. नागरी वापराच्या संदेशांत हेतुपुरस्सर ठेवलेली त्रुटी अमेरिकी सरकारने मे २००० मध्ये काढून टाकली आणि सुमारे शंभर मीटरपर्यंत जाणारी चूक दहा-वीस मीटरवर आली. त्यानंतरच्या काही वर्षांत टॉमटॉम आणि गार्मिन यांची सुटी यंत्रे घरोघरी पोहोचली. बोगद्यात उपग्रहांचा संदेश तुटतो, तेव्हा अंगभूत यंत्रणा चाकांच्या फेऱ्या आणि वळण मोजणारा जायरोस्कोप यांच्या आधाराने स्थानाचा हिशेब चालू ठेवू शकते. सुट्या यंत्राला चाकांची ही माहिती सहसा मिळत नाही.

२००३ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रिअसमध्ये या तुलनेच्या दोन्ही बाजू स्पष्ट दिसतात. तिच्या डॅशबोर्डच्या मध्यभागी असलेल्या पडद्यावर इंजिन, मोटर, बॅटरी आणि चाके यांच्यामधला ऊर्जेचा प्रवाह बाणांनी दाखवला जाई आणि जादा पैसे मोजून घेतलेले नॅव्हिगेशनही त्याच पडद्यावर उमटे. परंतु नकाशा डीव्हीडीवर असल्याने नव्या रस्त्यांसाठी नवी तबकडी विकत घ्यावी लागे, आणि गाडी चालू असताना शेजारच्या प्रवाशालाही पत्ता टाइप करता येत नसे. सुटे यंत्र त्या मानाने स्वस्त, एका गाडीतून दुसऱ्या गाडीत नेता येणारे आणि संगणकाला जोडून अद्ययावत करता येणारे होते. मात्र त्याचा चालकाच्या दृष्टीला अडथळा होऊ नये, यासाठी कॅलिफोर्नियात २००९ पासून काचेच्या ठरावीक कोपऱ्यांतच त्याला परवानगी मिळाली.

खरा फरक घाटात कळतो. लांब उतारावर बॅटरी आधीच भरत आली असेल, तर ब्रेकमधून मिळणारी ऊर्जा साठवायला जागा उरत नाही आणि ती वाया जाते. पुढे उतार आहे हे नियंत्रकाला आधी कळले, तर चढावरच बॅटरी थोडी अधिक वापरून तो ही जागा मोकळी करून ठेवू शकतो. टोयोटाच्या अलीकडच्या काही हायब्रिड मोटारींत नॅव्हिगेशनच्या माहितीचा असा उपयोग केला जातो. बीएमडब्ल्यूच्या प्लग-इन हायब्रिड, म्हणजे बाहेरून चार्ज करता येणाऱ्या मोटारी, २०२० पासून युरोपातील काही शहरांच्या ठरावीक क्षेत्रांत शिरताच आपोआप विजेवर चालू लागतात. काचेवरचे सुटे यंत्र चालकाला वळण सांगते. बॅटरीशी त्याचा संवाद नसतो.

कारप्ले (२०१४) आणि अँड्रॉइड ऑटो (२०१५) यांनी मोबाइलमधला ताजा नकाशा मोटारीच्या पडद्यावर आणला, तरी तो नियंत्रकापर्यंत पोहोचेलच असे नाही. म्हणून घाटाचा वा शहराचा प्रवास नित्याचा असणाऱ्याने विक्रेत्याला पडद्याच्या आकाराआधी, नॅव्हिगेशन बॅटरीच्या नियोजनात भाग घेते का आणि नकाशा किती वर्षे विनामूल्य अद्ययावत होईल, हे विचारणे हिताचे. दहा-पंधरा वर्षे चालणाऱ्या मोटारीत दोन-तीन वर्षांत जुना होणारा नकाशा बंदिस्त करणे ग्राहकावर अन्यायच आहे. पुढच्या रस्त्याची माहिती मोबाइलकडूनही स्वीकारण्याची सोय ठेवणे ही उत्पादकांची जबाबदारी मानली पाहिजे.

(पुढील लेखांकात : हायब्रिड बॅटरीचे आयुष्य)